बोदलकशाच्या नावेचे शेवटचे माप

जिल्हा गोंदिया, तालुका तिरोडा. बोदलकशाच्या तलावाला तीन बाजूंनी जंगलाचे डोंगर आहेत आणि चौथ्या बाजूला पाळ, म्हणजे मातीचा बांध. दिवाळीनंतरच्या आठवड्यात मी तिथे चार दिवस होतो. काम एकच होते, एका फायबरच्या नावेचे माप घेणे. ते काम माझ्या थोरल्या बहिणीचे होते. ती फेब्रुवारीत वारली.

सुनंदाताई पुण्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवत असे. काचेच्या धाग्यांचे कापड राळेत भिजवून, थरावर थर बसवून जो कडक पत्रा तयार होतो, त्याला बाजारात नुसते फायबर म्हणतात. पाण्याच्या टाक्या, बसचे भाग, होड्या त्याच्याच असतात. तो पत्रा वर्षानुवर्षे वजन झेलताना आतून कसा थकतो, हे आधी गणिताने सांगायचे आणि मग प्रत्यक्ष मोजून पडताळायचे, हा तिचा विषय. मला तिने तो जेवणाच्या टेबलावर समजावला होता. दोन वाट्यांवर प्लॅस्टिकची पट्टी ठेवली आणि मधोमध लोणच्याची बरणी. "वजन ठेवताक्षणी वाकते ते पहिले वाकणे. बरणी तशीच राहिली तर हळूहळू वाकत जाते ते दुसरे. बरणी काढल्यावरही जे परत येत नाही ते तिसरे. मी त्या तिसऱ्याच्या मागे आहे." बरणी रात्रभर तिथेच राहिली. सकाळी आम्ही बाजूला बसून चहा घेतला. घरात आम्ही दोघेच होतो, त्यामुळे टेबल अडले तरी कोणाची तक्रार नव्हती.

पाच वर्षांपूर्वी तिच्या विद्यार्थ्यांनी चौदा फुटांची एक नाव बनवली. त्यांतला एक जण तिरोड्याचा होता. त्याच्या ओळखीने ती नाव बोदलकशाचे मासेमार मनसारामभाऊ यांना वापरायला दिली. अट एवढीच, की ताई दर हिवाळ्यात येऊन माप घेणार आणि पाच वर्षे भरली की नाव ठेवायची की मोडायची ते सांगणार.

ऑक्टोबरात ताईच्या फोनवर त्यांचा फोन आला. तो फोन मी अजून चार्ज करतो.

"म्याडम, पाच वर्स झाले. केव्हा येता?"

ताई गेल्याचे मी सांगितले. पलीकडून प्रश्न आला, "मंग माप कोन घेईल जी?"

तिरोडा, शुक्रवार

स्टेशनाबाहेरचे सगळे ऑटो भरलेले होते. इकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार आणि पाळणे, रात्री दंडारीचा नाच किंवा नाटक, आणि घराघरांत पाहुणे. लेकी याच दिवसांत माहेरी येतात. पुण्यात दिवाळी संपली की कंदील उतरवतात. इथे दिवाळी संपल्यावर गावे भरतात.

"आज सब मंडई की सवारी है," एक ऑटोवाला म्हणाला. "बोदलकसा में कौन है आपका?"

कोणी नाही, एका नावेचे काम आहे, असे मी सांगितले. त्याने माझ्या बॅगेतून बाहेर आलेल्या लांब स्टीलच्या पट्टीकडे पाहिले.

"अकेले हो? बैठो. आगे बैठना पड़ेगा."

मागे सहा जण होते. वाटेत धानाची कापणी चालू होती. कापलेल्या बांध्यांत, म्हणजे भाताच्या खाचरांत, पेंढ्या आडव्या पडल्या होत्या. सहाही जण वाटेतल्या गावी मंडईला उतरले. पुढचे अंतर ऑटोत मी आणि चालक असे दोघेच होतो.

मनसारामभाऊ पाळेवर उभे होते. वय पासष्टीच्या आसपास, बारीक अंगकाठी. सोबत शेजारच्या कौसल्याबाई होत्या. त्यांचे चहाचे दुकान आहे आणि माझे जेवण त्यांच्याकडे ठरले होते. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले.

"म्याडमचे भाऊ तुमी? तोंड नाई मिळत."

"ती आईसारखी होती," मी म्हणालो.

"मंग तुमी कोनावानी?" त्यांनी विचारले आणि उत्तराची वाट न पाहता भात वाढायला गेल्या.

भात नव्या तांदळाचा होता, मऊ आणि चिकट. सोबत मासोळीचा रस्सा आणि लाखोरीच्या डाळीचे वडे. आमच्याकडे दुकानदार तांदूळ जुना असल्याचे कौतुकाने सांगतात. इथे नवा तांदूळ पाहुण्याला वाढणे हा मान असतो. मनसारामभाऊ माझ्यासमोर बसले, पण जेवले थोडे.

"भाऊ, एक इचारू? नाव पास नाई झाली तं?"

"मग ती पाण्यात घालायची नाही, असे ताईने लिहून ठेवले आहे."

"तसं असन तं मले आमगावले जावं लागते. पोरीनं सांगून ठेवलं आहे. बाबा, नाव आहे तवर राहा, मंग हट्ट नाई चालनार."

त्यांची पत्नी आठ वर्षांपूर्वी वारली. मुलगी आमगावला दिली आहे. जावयाची धानाची शेती आहे.

"आमगाव चांगले आहे ना?" मी विचारले.

"चांगलं आहे. तठी पानी नळाले येते, तेवढंच."

बोदलकसा, शनिवार

ताईच्या वहीत पद्धत लिहिलेली आहे. नाव दोन ओंडक्यांवर ठेवायची, एक पुढच्या टोकाखाली, एक मागच्या. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वरून दोरा ताणायचा. दोऱ्यापासून नावेच्या तळावरच्या खुणेपर्यंतचे अंतर पट्टीने घ्यायचे. मग मधोमध वीस किलो वाळूची सहा पोती ठेवून लगेच माप. चोवीस तासांनी दुसरे. पोती काढून आणखी चोवीस तासांनी तिसरे. त्याखाली लाल रेघ मारून लाल शाईत: दुसऱ्या दिवशीचे वाकणे पहिल्या क्षणाच्या दीडपटीच्या पुढे गेले, तर नाव वापरू नये.

मी पुण्याहून सुती दोरा आणला होता. दवाने तो ओला होऊन सैल पडला. दोनदा ताणला, दोनदा सैल झाला. मनसारामभाऊ घरात जाऊन जाळे विणायचा नायलॉनचा दोरा घेऊन आले.

"म्याडम बी हाच घेत होती."

वहीत हे नव्हते. त्यांनी दोरा बांधला, गाठ दातांनी आवळली आणि मग उकिडवे बसून बोटाच्या पेराने नावेचा तळ बाहेरून वाजवत गेले. बाजारात मडके घेताना वाजवतात तसा. पुढच्या टोकाकडे आवाज टणटणीत होता. मध्यावर आल्यावर तो दबला. त्यांनी तीच जागा तीनदा वाजवली.

"अठी आवाज मेला आहे."

"केव्हापासून?"

"दोन वर्स झाले."

पोती ठेवली. पहिले वाकणे सोळा मिलिमीटर भरले. वहीत पाच वर्षांपूर्वी, नाव पहिल्यांदा पाण्यात घातली त्या दिवशी, दहा लिहिलेले आहे. आता चोवीस तास वाट पाहण्याखेरीज काही करायचे नव्हते.

वस्तीतले बहुतेक लोक मंडईला गेले होते. आमगावहून मुलगी चार दिवस बोलावत होती, तरी मनसारामभाऊ गेले नव्हते. "मापाच्या टायमाले मालक नाई पायजे का?" ते म्हणाले. दुपारी मी पाळेवरून पलीकडपर्यंत चालत गेलो आणि परत आलो. तलावात पाहुणे पक्षी उतरले होते, त्यांची नावे मला माहीत नाहीत. वाटेत एकही माणूस भेटला नाही. संध्याकाळी मनसारामभाऊ नावेजवळ बसून होते. तिला हात लावत नव्हते.

रविवार

दुसरे माप सकाळी सात वाजता. सत्तावीस. मी ते तीनदा घेतले. सोळाची दीडपट चोवीस होते.

"लाल रेघेच्या वर का खाली?" मनसारामभाऊंनी विचारले. ताईने त्यांना ती रेघ दाखवून ठेवली होती.

"वर."

ते ओंडक्याला टेकून बसले.

"असं कसं जी? लाकडाच्या डोंग्यापेक्षा जास्त जपलं म्या हिले. माह्या बापानं एवढं कोनाले जपलं नसन."

ताईच्या वहीत एक आलेख आहे. नाव दरवर्षी किती वाकत जाईल, याची तिच्या गणिताने काढलेली रेघ त्यात आहे. पहिल्या दिवसाचा ठिपका रेघेवर बरोबर बसतो. पुढच्या चार वर्षांचे ठिपके रेघेच्या वर आहेत, दरवर्षी अधिक. शेवटची दोन वर्षे ती हे गणित पुन्हा पुन्हा मांडत होती. आजारपणातही. या कामावरचा लेख तिने छापायला पाठवला नाही. आलेखाच्या कडेला पेन्सिलने लिहिलेले आहे: इथे काहीतरी राहून गेले आहे.

मी मनसारामभाऊंना विचारले, "उन्हाळ्यात नाव कुठे ठेवत होता?"

"अठीच."

"इथे म्हणजे?"

त्यांनी पाण्याकडे हात केला.

मी वही उघडली. पुढचे त्यांचे शब्द तेव्हाच लिहून घेतले आहेत.

"चैत लागला का डोंग्यात दगडं भरतो आन् पान्यात बुडवून ठेवतो. नाई तं लाकूड उनानं तडकते. माहा आजा तसंच करे, बाप तसंच करे. हिले बी तसंच केलं. पर हे बुडेच ना! डोंगा चार दगडांत जाते. हिच्या दोनी टोकांत हवा बंद आहे, हिच्यात तीस भरले, तवा कुठं गेली. बिसन हासे मले. म्हने, मनसाराम, तुही नाव लई हट्टी आहे, तुह्यावानी. तीन महिने पान्याखाली. मिरुग लागला का काढो, धुवो, पुसो. दरसाल."

बिसन म्हणजे कौसल्याबाईंचा नवरा. वस्तीत आता लाकडी डोंगा फक्त त्याच्याकडे आहे.

"ताईला हे सांगितले नव्हते?"

"तिनं इचारलं, उनात तं नाई ना ठेवत? म्या म्हनलं, नाई. उनात ठेवतच नव्हतो."

वहीत चारही वर्षांच्या नोंदी तशाच आहेत. उन्हात ठेवत नाहीत. उत्तम. अशा प्रश्नाला हो किंवा नाही एवढेच उत्तर येते आणि ते खरेही असते. आम्हा बातमीदारांना पहिल्या महिन्यात शिकवतात, की 'तिथे नव्हता ना?' असे विचारू नये, 'कुठे होता?' असे विचारावे. ताई माझ्याशी या नावेबद्दल चार वर्षांहून अधिक बोलत होती. ती मनसारामभाऊंना काय विचारते, हे मीही तिला कधी विचारले नव्हते.

त्यांनी कारण विचारले. मी बातमी लिहिली असती तसे सांगितले, क्रमाने आणि विशेषणे न लावता. लाकूड पाण्यात फुगते आणि त्याच्या फटी मिटतात. फायबरमध्ये लहान ओरखड्यांतून पाणी थरांच्या मधे जाते. राळ मऊ पडते, धाग्यांवरची तिची पकड सुटते. वरून तीस दगडांचे वजन तीन महिने एकाच जागी. उन्हाळ्यात काठचे पाणीही कोमट. मग थर एकमेकांपासून सुटत जातात. पाणी नंतर निघून जाते, सुटलेले थर पुन्हा चिकटत नाहीत.

"म्हंजे म्याच बुडवली."

मी पहिल्या पोत्याला हात घातला. हे उत्तर टाळणे होते, आणि ते त्यांना कळले.

आम्ही पोती उतरवली. मग ते म्हणाले, "एक फेरा मारतो. जाळे पल्याड लागून आहेत. एकच फेरा, भाऊ. पाच वर्स गेली तशी जाईल."

"रेघेच्या वर आहे."

"तं तुमी पाहू नका. तिकडं तोंड करा."

त्यांनी नावेच्या कडेवर हात ठेवला होता. मीही दुसऱ्या बाजूने ठेवला. ओढाओढ झाली नाही. मध्यावर माणूस बसला, जाळी ओली होऊन आत आली आणि तळ तिथेच फाटला, तर काठ किती लांब असेल, याचा हिशेब आम्हा दोघांनाही येत होता.

"म्याडमनं जाऊ देलं असतं का?"

"नाही."

त्यांनी हात काढला आणि कौसल्याबाईंच्या दुकानाकडे गेले. बिसन मंडईत होता. डोंगा मिळेल का, असे त्यांनी विचारले तेव्हा मी मागेच उभा होतो.

"पाच वर्स आमच्या डोंग्याले जुना जुना म्हनत होते," कौसल्याबाई म्हणाल्या. "आता फायबरवाल्याले लाकूड आठवलं!" वल्हे मात्र त्यांनी स्वतः आत जाऊन आणले. "जेवून जा. आन् सांजच्या आत या, आमचे येतीन."

ते जेवले नाहीत. डोंगा पाण्यात ढकलला आणि गेले. अर्ध्या तलावापर्यंत दिसत होते, पुढे चमकणाऱ्या पाण्यात दिसेनासे झाले.

नावेवरचे वजन उतरवल्यापासून चोवीस तास तिला कोणी हलवू नये, असे वहीत आहे. म्हणून मी तिच्याजवळ थांबलो. दुपारभर तिथे दुसरे कोणी नव्हते. आलेखाच्या कडेला, ताईच्या पेन्सिलच्या ओळीखाली, मी शाईने लिहिले: उन्हाळ्यात नाव पाण्याखाली, तीस दगड भरून. तीन महिने. दरवर्षी. गणित चुकलेले नव्हते.

हे लगेच फोन करून सांगावे असे वाटले. ज्या फोनवर सांगायचे, तो माझ्याच खिशात होता.

चारच्या सुमारास डोंगा परत आला. जाळी सगळी आली होती. मासोळी फारशी नव्हती.

सोमवार

तिसरे माप. नऊ मिलिमीटर परत आले नाहीत.

वहीतली शेवटची सूचना अशी, की पाच वर्षांनी तळाच्या मध्यातून हाताच्या पंजाएवढा तुकडा कापून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून घरी आणावा. सूचनेचा दुसरा अर्थ मनसारामभाऊंनी माझ्याआधी ओळखला.

"कापली का मंग कोनी नेनार नाई. मी बी नाई."

"हो."

त्यांनी नाव पालथी घातली. पेराने तळ वाजवत मध्यावर आले, आवाज मेलेली जागा शोधली आणि कोळशाने चौकोन आखला. करवत त्यांनीच चालवली. मला चालवू दिली नाही. फायबर कापताना जो आवाज होतो तो लाकडाच्या आवाजासारखा नसतो, दात शिवशिवतात. पांढरी भुकटी आमच्या हातांवर बसली. तिची खाज मला पुण्यापर्यंत पुरली.

तुकडा निघाला. कडेला थर दिसत होते, भिजलेल्या वहीची पाने सुटावीत तसे. त्यांनी तो दोन बोटांत दाबला. दोन थरांमधून पाण्याचा एक थेंब बाहेर आला.

"हे आपल्या तलावाचं आहे," ते म्हणाले.

मी तो गुंडाळायला घेतला.

"हे पानी सुकते का?"

"सुकते. वेळ लागतो."

"नाव तं गेली, ते समजलं मले. पर पानी सुकलं का सांगजा."

कौसल्याबाईंनी वाटेसाठी भात आणि वडे बांधून दिले. बिसन मंडईतून परतला होता. त्याने नावेच्या भोकातून खाली पाहिले आणि आपला डोंगा वर ओढायला गेला. तिरोड्याला जाणाऱ्या ऑटोत या वेळी मागची जागा मोकळी होती.

पुणे

सुकवायची पद्धत वहीत आहे. तुकडा कोरड्या डब्यात ठेवायचा आणि दर रविवारी वजन करायचे. सलग तीन वेळा वजन सारखे आले, की तो कोरडा समजायचा. ताईच्या टेबलावर तिचा छोटा वजनकाटा आहे. मी रविवारी सकाळी वजन करतो, वहीत लिहितो आणि मनसारामभाऊंना फोन करतो.

ते आता आमगावला असतात. मी परतल्यावर पंधरा दिवसांत मुलगी येऊन त्यांना घेऊन गेली. जाळी त्यांनी सोबत नेली आहेत, ती खोलीत खुंटीला टांगली आहेत. काय चालले आहे, असे मी विचारतो. "धान," ते म्हणतात. "इकडं धान, तिकडं धान. मधात मी." नातवंडे जाळ्याशी खेळतात म्हणून मुलगी रागावते. मग ते विचारतात, "काटा हालून राहिला का?" मी आकडा सांगतो. त्यांना तो पूर्ण ऐकायचा असतो, दशांशासह. एवढ्यात आमचे बोलणे संपते. आठवड्यात माझ्या फोनवर, कामाखेरीज, दुसरे बोलणे बहुधा होत नाही.

गेले तीन रविवार काटा एकाच आकड्यावर थांबला आहे. वहीच्या नियमाप्रमाणे तुकडा कोरडा झाला. तशी नोंद करून मी खाली तारीख घातली आणि वही मिटली.

काल फोन लावला.

"सुकला का जी?" मनसारामभाऊंनी विचारले.

बातमीच्या धंद्यात तीस वर्षे काढली. कळून-सवरून चुकीचा आकडा कधी दिला नव्हता.

"नाही," मी म्हणालो. "अजून थोडं पाणी निघून राहिलं आहे."

"निघू द्या," ते म्हणाले. "घाई नाई."